आठ दहाची नोंद

माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्हाला तो हुडकत बसायला नको. मी एक शब्द लिहायला विसरले. फक्त एक. 'ट्रू'. तेवढा टाकला असता तर आयलीमावशीची खुर्ची धोक्यात आली नसती, आणि मीही आज ही गोष्ट सांगत बसले नसते. बावीस वर्षं प्रोग्राम लिहितेय. घरून निघताना स्टोव्ह बंद केला का हे बघायला तीनदा परत जाते. जिथे परत जाऊन बघायला हवं होतं, तिथे मात्र गेले नाही.

आमच्या काउंटीच्या कार्यालयात मी एकटीच कॉम्प्युटरवाली. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मार्लिस, आणि शेरीफच्या बायकोचा पासवर्ड हरवला तरी मार्लिस. पण एक काम मी मनापासून केलं होतं. सकाळची विचारपूस. वरच्या मिशिगनमधला हिवाळा, घरं लांब लांब, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. रोज सकाळी आठपासून आमचा कॉम्प्युटर यादीतल्या एकेकाला फोन लावतो. एकाचा संपला की दुसरा. आवाज माझाच, सर्दी झालेली असताना टेप केलेला, त्यामुळे थोडा रडका. "सुप्रभात. तुम्ही बरे असाल तर एक दाबा. कोणी यायला हवं असेल तर दोन दाबा."

एक दाबलं की आयलीमावशीच्या पडद्यावर त्या नावापुढे हिरवा ठिपका. काहीच दाबलं नाही किंवा दोन दाबलं, तर मावशीने बूट चढवायचे आणि त्या घरी जायचं. प्रत्येक घराची जादा किल्ली तिच्या खणात, पाकिटात घालून. "दोन म्हणजे जायचं, कारण विचारायचं नाही," असं तिने स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावलंय. आयली कान्गास. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून मावशी. वय सदुसष्ट, त्या खुर्चीत अकरा वर्षं, आणि अकरा वर्षांत मी तिला एकदाही घाई करताना पाहिलं नाही.

यादीत त्रेचाळीस माणसं, आणि चव्वेचाळिसावा वेनो हेइक्किला. त्याचा फोन ठीक आठ दहाला लागायचा. वेनोने तीस वर्षं शाळेची बस चालवली. सगळी पोरं हॉर्न वाजायच्या आधीच रस्त्यावर उभी असायची. आमच्या घरासमोर मात्र तो एकदा हॉर्न वाजवायचा, थांबायचा, आणि मग दुसऱ्यांदा वाजवायचा. दुसऱ्या हॉर्नला मी यायची, एक बूट पायात, एक हातात. तो एक अक्षर बोलायचा नाही. नुसतं घड्याळाकडे बघायचा आणि दार ओढून घ्यायचा.

तर नोव्हेंबरात आमचे साहेब, डेन्झिल ट्रेगेर, म्हणाले की कोणाला कधी फोन गेला, कोणी काय दाबलं, याची लेखी नोंद हवी. जावा या प्रोग्रामच्या भाषेत हे सोपं आहे. तुम्ही एक कारकून नेमता, त्याच्या हातात एक फाइल देता, आणि सांगता, एवढं एवढं लिहीत जा. कारकुनाला सूचना द्यायची जागा दोन ठिकाणी असते. एक, वेगळी चिठ्ठी, म्हणजे बाहेर ठेवलेली सेटिंगची फाइल. दुसरी, थेट प्रोग्रामच्या पोटात. मी आधी चिठ्ठी ठेवली होती. डेन्झिलनी ती "नुसती बघायला" म्हणून उघडली, त्यात आपली चार अवतरणचिन्हं सोडली, आणि तीन दिवस कारकून गप्प. मग मी ठरवलं की आता कोणाचा हात लागायला नको. सगळं कोडमध्येच लिहिलं. फाइलचं नाव, ओळीची मांडणी, वेळ, नाव, फोन किती सेकंद चालला, काय दाबलं. इतका अभिमान वाटला मला, की घरी जाताना निसूची, म्हणजे वेलदोडे घातलेल्या गोड फिनिश पावाची, अख्खी वेणी विकत घेतली आणि गाडीतच अर्धी संपवली.

फाइल उघडताना कारकुनाला 'ट्रू' असं सांगायचं असतं. म्हणजे, जुनं लिहिलेलं ठेव आणि त्याच्याखाली लिही. ते नाही सांगितलं, तर प्रोग्राम नव्याने सुरू झाला की कारकून जुनी वही पुसून कोरी करतो आणि पहिल्या पानापासून बसतो. एकदा सुरू केलेला प्रोग्राम दोन महिने बंद पडला नाही, त्यामुळे मला ते कळलंच नाही. वही छान भरत होती.

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी बर्फ ढकलणाऱ्या ट्रकवाल्याला वेनोच्या धुराड्यातून धूर दिसला नाही. दारापर्यंतच्या बर्फात पाऊलही नव्हतं. आत वेनो स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या फोनखाली, खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, रविवारी रात्रीच गेला.

आणि मावशी म्हणाली, सोमवारी हिरवा होता. मंगळवारी हिरवा होता. आज सकाळीही हिरवा होता.

मला बोलावलं. आमच्या धंद्यातली एक सवय आहे. काही बिघडलं की आधी बंद करायचं आणि परत चालू करायचं, मग बघायचं. विचार न करताच मी तेच केलं. बंद केलं, चालू केलं, आणि मग नोंदीची फाइल उघडली. त्यात एकच ओळ होती. दोन वाजून सोळा मिनिटं, प्रोग्राम सुरू झाला. बाकी कोरं. नोव्हेंबरपासूनचं सगळं, आणि ती तीन सकाळीसुद्धा, मी माझ्या हाताने पुसलं होतं. पडद्यावरचे ठिपकेही गेले. गावातल्या गावात केलेले फोन बिलात वेगळे दाखवत नाहीत. म्हणजे मावशीच्या शब्दाशिवाय कुठेच काही उरलं नव्हतं.

गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. म्हातारी आता न बघताच हो म्हणते. दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये कॉफीच्या टेबलाशी मावशी गेली तर बोलणं थांबलं आणि सगळ्यांना अचानक साखर हवी झाली. डेन्झिल वाईट माणूस नाही, पण काउंटीच्या मंडळाची बैठक शुक्रवारी होती आणि त्यांना दोषी म्हणून एक नाव द्यायचं होतं. मला मावशीने एकच सांगितलं, तेही पेला पुसता पुसता. "नोकरी जाईल त्याचं काही नाही गं. पण मी बघितलं नाही असं कोणी म्हणू नये. मी बघितलं."

मी एक दिवस गप्प राहिले, हेही सांगून टाकते. एक पूर्ण दिवस. मग बैठकीत उठून म्हटलं की नोंद माझ्या चुकीने गेली, एका शब्दाने, मावशीचा त्यात काही संबंध नाही. डेन्झिलनी विचारलं, "एका शब्दाने?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, त्यांच्या आजीने भावाशी वीस वर्षं अबोला धरला होता, तोही पेस्टीत, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीत, गाजर घालावं की नाही यावरून, तेव्हा एका शब्दाचं त्यांना नवल वाटत नाही. मावशीची खुर्ची राहिली. नाव मात्र पूर्ण धुतलं गेलं नाही. नोंद हरवली एवढंच सिद्ध झालं. तिने बघितलं, हे नाही.

मी 'ट्रू' लिहिला. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक ओळ दोनदा. प्रत्येक माणसाला दोन फोन गेल्यासारखं. कारण सापडल्यावर हसू आलं. दुरुस्तीच्या नादात कारकून नेमायचं काम मी अशा जागी हलवलं होतं, जिथून यादी वाचताना दोनदा जावं लागतं. म्हणजे दोन कारकून नेमले गेले, आणि दोघंही इमानदारीने तेच लिहीत होते. ही चूक नवशिके करतात. मी ती दुरुस्त केली, की आधीच कोणी बसलेला असेल तर दुसऱ्याला बसवू नकोस. बुधवारपासून नुसतं थांबवून ठेवलेलं वेनोचं नावही त्याच दिवशी यादीतून कायमचं काढलं. ते काढताना एकदा "खरंच काढायचं का?" असं विचारणारी चौकट येते. ती मीच कधीतरी लिहिलेली. मी हो म्हटलं.

पुढच्या सकाळी ओळी एकेकच आल्या. मी सहज मोजल्या. माणसं त्रेचाळीस. ओळी चव्वेचाळीस.

वाटलं, दुसरा कारकून अजून कुठेतरी लपलाय. एकेक नाव बोटाने चाळत खाली खाली आले. वेनोच्या आधीचा हार्यू, आठ नऊ. मग...

आठ दहा. हेइक्किला, वेनो. चार सेकंद. एक.

बघा, मी घाबरट आहे, पण धंद्याने शंकेखोरही आहे. यादी परत तपासली. नाव नव्हतं. ती ओळ जिथून लिहिली जाते अशी कोडमध्ये एकच जागा आहे, आणि ती माझी आहे. वेनोचा नंबर स्वतः फिरवला. हा क्रमांक बंद आहे, असं एक बाई म्हणाली, माझ्यापेक्षा पुष्कळ प्रसन्न आवाजात. त्याचा पुतण्या फोन काढून घेऊन गेला होता. मग मी दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच येऊन मशीनपाशी उभी राहिले. फोन लावणाऱ्या डब्यावर एक छोटा दिवा आहे. फोन चालू असेपर्यंत लागतो, संपला की विझतो आणि पडद्यावर एक ओळ पडते.

बाहेर पांढरं ऊन होतं. बर्फावरून येणारं, डोळ्यात खुपणारं. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की भीती वाटायला जागाच नव्हती. दिवा लागायचा, विझायचा, ओळ पडायची. हार्यू झाला. दिवा विझला.

पुढचं नाव युन्टुनेनबाईंचं. त्यांचा फोन लागेना. दिवा विझलेलाच. प्रोग्राम थांबला होता, कोणाचा तरी फोन संपायची वाट बघत असल्यासारखा. खोलीत पंख्याची घरघर.

मग ओळ पडली. आठ दहा. हेइक्किला, वेनो. नऊ सेकंद. एक.

लगेच दिवा लागला आणि युन्टुनेनबाईंचा फोन गेला.

मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते? मावशीचं म्हणणं खरं होतं, याचा पुरावा माझ्या हातात होता, तारीखवार, आणि तो दाखवला असता तर आम्हा दोघींनाही घरी पाठवलं असतं. मी रोज सकाळी लवकर यायला लागले. मी, जी कधी लवकर येत नाही. नऊ सेकंदांचे एकतीस झाले. एकतिसाचे बावन्न. माझं ते रडकं वाक्य अकरा सेकंदांचं आहे. म्हणजे जवळजवळ पाच वेळा. एकशे दहा झाले तेव्हा युन्टुनेनबाईंनी कार्यालयात फोन करून विचारलं की हल्ली सकाळचा फोन उशिरा का येतो, त्यांची लापशी गार होते.

रात्री अंथरुणात मी ते मनात म्हणून बघायची. सुप्रभात. तुम्ही बरे असाल तर एक दाबा... तो ऐकतोय असं वाटायचं. मग एक दाबतोय. पण ऐकल्यावर लगेच नाही. आधी थोडं थांबून.

शेवटी मावशीला सांगितलं. तिने खुर्ची माझ्या पडद्याजवळ ओढली, चष्मा लावला, आणि सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मला वाटलं आता रडेल, किंवा क्रॉसची खूण करेल, किंवा निदान माझा हात धरेल. तिने चष्मा काढला.

"हिरवा होता," ती म्हणाली.

"हो मावशी."

"तिन्ही दिवस."

"हो."

तिने थर्मास उघडून मला अर्धा पेला कॉफी दिली, जी ती कोणालाच देत नाही. एवढंच. त्या दिवशी ती खिडकीपाशी जरा ताठ बसलीय असं मला वाटलं.

गुरुवारी आम्ही दोघी पावणेआठला तिथे होतो. हार्यू झाला. दिवा विझला. आम्ही वाट बघत राहिलो. एक मिनिट गेलं. दोन. पंख्याचा आवाजही मधेच कमी झाल्यासारखा वाटला, किंवा मीच ऐकेनाशी झाले. चार मिनिटं होत आली. मावशी पेन्सिल हातात धरून बसली होती, लिहायचं काही नसताना.

ओळ पडली.

आठ दहा. हेइक्किला, वेनो. दोनशे अडतीस सेकंद. दोन.

मी परत वाचलं. तीस वर्षं बस चालवून, दहा वर्षं एकटं राहून, आमच्या यादीत आल्यापासून त्या माणसाने एकदाही दोन दाबलं नव्हतं. फ्लू झाला तेव्हाही नाही. मी म्हटलं, "मावशी... चूक असेल. मी आत्ता कोड बघते."

मावशी उठली होती. खणातून पाकीट काढलं, त्यावर त्याचंच नाव. बूट चढवायला लागली.

"अगं, तिथे कोण आहे?"

"भिंतीवर काय लिहिलंय?" ती म्हणाली.

यादीतले सगळे फोन संपेपर्यंत थांबलो, तेवढं मात्र तिनेही मान्य केलं. साडेनऊला निघालो. गाडी मी चालवली. सरोवरावरून वारा येत होता आणि रस्त्यावर बर्फाचा भुगा सापासारखा सरपटत होता. वेनोच्या फाटकापर्यंत रस्ता साफ होता, पुढे नवा बर्फ पडल्यापासून कोणी फिरकलं नव्हतं. गुडघाभर बर्फ, त्यावर ससाही चाललेला नाही. आम्ही पायवाट पाडत दारापर्यंत गेलो. मी मागे. अर्थातच मागे.

मावशीने किल्ली फिरवली.

आत बाहेरपेक्षा जास्त थंड होतं. पुतण्याने सामान हलवलं होतं, पडदे नेले होते, त्यामुळे खोल्या उजेडाने भरलेल्या. स्वयंपाकघरात भिंतीवर फोन होता तिथे पिवळट रंगात एक चौकोनी पांढरा डाग, आणि त्यातून बाहेर आलेली वायरची दोन टोकं. खाली ती खुर्ची. ती कोणी नेली नव्हती. मला समजेना काय विचित्र वाटतंय. मग लक्षात आलं. बंद घराला शिळ्या राखेचा, उंदरांचा वास येतो. इथे ओल्या लोकरीच्या हातमोज्यांचा वास येत होता. आणि डिझेलचा. गरम, थोडा गोडसर, हिवाळ्यात इंजीन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाडीत येतो तसा.

मावशी खोलीच्या मधोमध उभी राहिली. "वेनो," ती म्हणाली, हळू, शेजाऱ्याला हाक मारावी तसं. "आम्ही आलोय."

आम्ही ऐकत राहिलो. छपरावरून बर्फाचा एक तुकडा घसरला, बस.

मग तिने वही काढली. प्रत्येक फेरीनंतर लिहायचं असतं. "वेळ सांग," ती म्हणाली. माझी बोटं इतकी गारठली होती की बाही मागे सारता येईना. दहा बेचाळीस, मी सांगितलं. तिने लिहिलं, गेलो, घरी कोणी नाही. सही केली. माझीही घेतली. दार ओढून घेताना मी मागे वळून पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्ही माझ्यापेक्षा धीट.

परतताना मला एकदम हलकं वाटत होतं. बोलावलं होतं, गेलो. मावशीनेही नियम पाळला, मीही एकदाची कुठेतरी पोहोचले. वेनोचं देणं फिटलं असं काहीसं. मी मावशीला म्हटलंसुद्धा, आता उद्यापासून त्रेचाळीसच येतील बघ. ती खिडकीबाहेर बघत होती.

कार्यालयात येऊन कोटही न काढता मी फाइल उघडली. नुसतं बघायला, डेन्झिलसारखं. सकाळचे फोन साडेनऊच्या आत संपतात. त्यानंतर दुसऱ्या दिवशी आठपर्यंत प्रोग्राम झोपलेला असतो. शेवटची ओळ युन्टुनेनबाईंच्या नंतरच्या पंचवीस-तीस नावांनंतरची असायला हवी होती.

तिच्याखाली अजून एक होती.

दहा बेचाळीस. हेइक्किला, वेनो. दोन.

सेकंदांच्या जागी काहीच नव्हतं. फोन संपल्याशिवाय ती जागा भरत नाही, आणि एरवी फोन संपल्याशिवाय ओळही पडत नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. मी म्हटलं, "मावशी... आपण तर तिथेच होतो. त्याच वेळेला. त्याने बोलावलं आणि आपण गेलो. मग आता परत कशाला...? कोणाला बोलावतोय?"

मावशीने बूट काढून रेडिएटरपाशी नीट जोडीने ठेवले. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पहिल्या हॉर्नला तू कधी आली होतीस?" ती म्हणाली.